नेमाण्णांची चार फुटी नदी

आमच्या कवठे महांकाळच्या स्टँडवर तुम्ही कधी उतरलात आणि पाण्याची सीलबंद बाटली विकत घेऊन, तिचं झाकण फोडून, ते पाणी दुपदरी पांढऱ्या फडक्यातून स्वतःच्या पेल्यात गाळणारा उंच, सडपातळ म्हातारा दिसला, तर त्याला काही विचारू नका. ते आमचे नेमाण्णा. विचारलंत तर उत्तर मिळेल, आणि उत्तर संपेपर्यंत तुमची गाडी निघून गेलेली असेल.

"आवं नेमाण्णा, कंपनीनं गाळलंय की ते," बाटली विकणारा दरवेळी सांगतो.

"कंपनीनं कंपनीच्या डोळ्यानं गाळलं. मी माझ्या डोळ्यानं गाळतोय," नेमाण्णा दरवेळी सांगतात.

पाळण्यातलं नाव नेमगोंडा. पेठेतलं कापडदुकान त्यांचं, आता पुतण्या बघतो. जैनाचं घर, त्यामुळं पाणी गाळून पिणं आलंच. फडक्यावर राहिलेले बारीक जीव मरू नयेत म्हणून फडकं उलटं धरून, ज्या आडाचं पाणी त्याच आडात ते परत सोडायचे, हीही त्यांच्यातली जुनी रीत. पण नेमाण्णा रीतीच्याही चार पावलं पुढं. बाटलीतले जीव परत सोडायचे तर बाटलीचा आड कुठला, हे विचारायला त्यांनी एकदा कंपनीला पत्र घातलं होतं. उत्तर आलं नाही. "त्येंनाच ठावं नसंल," म्हणाले, आणि पुढचे आठ दिवस फार उदास होते.

गावातली बातमी घेऊन कुणी गेलं तरी तेच. "गाळून सांग," म्हणायचे. म्हणजे तुझ्या मनचं काढ आणि जेवढं झालं तेवढंच सांग. आता गाळल्यावर बातमीत राहतंय काय! त्यामुळं माणसं त्यांच्याकडं फारशी बसायला जायची नाहीत.

मी जायचो. मी दत्ता, त्यांच्या भिंतीला भिंत लावून माझं मोटारी भरायचं दुकान आहे. जळालेली मोटार आणून द्या, जुनी तार काढून नवी भरून देतो. आमच्या भागात माणसाचं आणि मोटारीचं दुखणं एकच, खाली पाणी नसताना चालत राहायचं. तेव्हा मला धंद्याची ददात नाही, आणि जीभही जरा तिखट आहे, ती तुम्ही सांभाळून घ्या.

त्यांच्या पत्नी, आमच्या पद्माकाकू, जाऊन चार-पाच वर्षं झाली होती. पोरंबाळं नव्हती. काकू गेल्यावर नेमाण्णा सकाळी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, दर्शनाला जायचे, दुपारी घरी बसायचे, सूर्य बुडायच्या आत जेवून दार लावून घ्यायचे. काकूंचा विषय कुणी काढला की उठून आडाकडं जायचे. मग मीही तो विषय काढायचा सोडून दिला.

तर गेल्या साली शिमग्याच्या सुमाराला, दुपारी, मी साडेसात एचपीच्या मोटारीत तार ओढत बसलो होतो. दारात नेमाण्णा उभे. एका बोटाला अडकवलेली, ओला टॉवेल गुंडाळलेली प्लॅस्टिकची पिशवी.

"दत्ता, मला नदी पायजे."

मी मान वर न करता विचारलं, "केवढी?"

"चार फुटी."

तेव्हा मात्र मी तार खाली ठेवली. टॉवेल बाजूला करून त्यांनी पिशवी माझ्या डोळ्यांसमोर धरली. आत बोटाएवढे सहा मासे, अंगावर काळपट ठिपके. पोहत कुणीच नव्हतं. सगळे पिशवीला पोटानं चिकटलेले, चपटे. पोटाखाली पंख पसरून बशीसारखे केलेले. मी पन्नास वर्षांत असला मासा बघितला नव्हता.

झालं असं होतं की नेमाण्णा चष्म्याचा नंबर काढायला मिरजेला गेले होते. शेजारी माशांच्या टाक्यांचं दुकान. तिथल्या एका उभ्या, कोमट टाकीत हे सहा काचेला चिकटून होते आणि वर पाटी होती, 'काच साफ करणारा मासा.' दुकानदार बिचारा खरं बोलला. म्हणाला, हे घाटातल्या पळत्या ओढ्यात राहणारे, गार पाण्यातले. उन्हाळा सोसत नाही, चार-पाच दिवस काढतील. नेमाण्णांनी चष्म्याचं काम तसंच सोडलं आणि सहाच्या सहा मासे घेऊन एस.टी.त बसले.

एस.टी.त शेजारच्यानं विचारलं, "कसं किलो दिलं?" मागच्यानं विचारलं, "रस्सा करनार का तळून?" जैनाच्या म्हाताऱ्याला हे! नेमाण्णा मिरजेपासून गावापर्यंत पिशवी खिडकीच्या वाऱ्यात धरून बसले.

"आवं पर अण्णा," मी म्हटलं, "आपल्या गावात माणसाला गार पाणी न्हाई. ह्येंना पळतं पाणी कुठनं आणायचं?"

"म्हणून तर तुझ्याकडं आलोय. तू पाणी पळवतोस न्हवं?"

माझ्या धंद्याची एवढी सुंदर व्याख्या माझ्या बापानंही केली नव्हती.

त्या संध्याकाळपासून नेमाण्णांच्या घरात उद्योग सुरू झाला. टाकी होईपर्यंत मासे कशात ठेवायचे? कपडे भिजवायच्या टबात. पाणी कसं पळवायचं? नेमाण्णांनी स्वतःच्या खोलीतल्या कूलरचा पंप उपसून टबात लावला, आणि स्वतः पुठ्ठ्यानं वारा घेत बसले. बाहेर ऊन असं की रस्त्यावरचं कुत्रं गटारात बसावं. अंगातली बंडी घामानं चिकटलेली, आणि हे टबात बघून म्हणतात, "आता कसं बरं वाटतंय बघ त्येंना!"

काचवाला टाकीचं माप घ्यायला आला. ही माणसं टाकी उंच करतात, दिवाणखान्यात शोभते म्हणून. नेमाण्णांनी त्याला भिंतीशी उभा केला.

"उंच नको, लांब पायजे. ओढा काय उभा असतोय व्हय रं?"

चार फूट लांब, सव्वा फूट रुंद, एक फूट खोल. वर जाळीचं झाकण, कारण हे मासे ओल्या काचेवरून पाण्याबाहेरही चढतात, असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. काचवाला जाताना मला हळूच म्हणाला, "दत्ताभाऊ, म्हाताऱ्याला प्रेतपेटी तर नको हाय न्हवं?" मी त्याला दोन शिव्या दिल्या.

मग दगड. आमच्याकडचा दगड काळा, धारदार, अनवाणी पायाला विचारा. नेमाण्णांना पाण्यानं घासून गुळगुळीत झालेले गोटे हवे होते. त्यासाठी ते कऱ्हाडला बहिणीकडं गेले आणि दोन दिवस नदीकाठी बसून एकोणीस गोटे निवडले. निवडायची रीत ऐका. प्रत्येक गोटा उचलायचा आणि स्वतःच्या गालावरून फिरवायचा. गालाला बोचला तर परत नदीत. "माझ्या गालाला बोचला तर त्येंच्या पोटाला बोचंल की," म्हणाले. येताना कंडक्टरनं गाठोडं उचलून बघितलं.

"आजोबा, काय हाय ह्यात?"

"दगड."

"दगड? कशाला?"

"घरात न्हाईत म्हणून."

कंडक्टरनं गाठोडं सीटखाली सरकवलं आणि तिकीट फाडलं.

आता माझं काम. माझी एक खोड आहे, कुणी पंप मागितला की मी एक नंबर मोठा देतो. पाणी कमी आलं असं बोलणं कुणी ऐकायचं! नेमाण्णांच्या टाकीला मी असा पंप बसवला की बटण दाबल्याबरोबर पाण्याची पिचकारी समोरच्या भिंतीला, भिंतीवरून कॅलेंडरला, कॅलेंडरवरून आढ्याला. एकोणीस गोट्यांतले चार जाग्यावरून हलले. मी छाती फुगवून उभा. नेमाण्णांनी चेहऱ्यावरचं पाणी पुसलं आणि शांतपणे म्हणाले, "दत्ता, मी नदी मागितली हुती. पूर बघायचा असता तर सांगलीला गेलो नसतो व्हय?"

मग मी डोकं लावलं. द्राक्षबागेच्या ठिबकाचा पाइप घेतला आणि टाकीच्या तळाला, वाळूखालून, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत नेला. एका टोकाला दोन लहान पंप, दुसऱ्या टोकाला पाइपच्या तोंडावर स्पंज, म्हणजे मासा आत ओढला जाऊ नये. पाणी दगडांवरून एकाच दिशेनं पळत जाणार, स्पंजातून खाली उतरणार आणि वाळूखालच्या पाइपातून पुन्हा सुरुवातीला येणार. वरून दोन लहान पंखे सोडले, माठ जसा वाऱ्यानं गार होतो तसं पाणी गार व्हावं म्हणून. आणि अर्थिंग असं पक्कं केलं की म्हाताऱ्यानं ओल्या हातानं कुठंही हात लावावा.

बटण दाबलं. पाणी गोट्यांना वळसे घालत खळखळत निघालं. आमच्या कवठे महांकाळात, उन्हाळ्यात, वाहत्या ओढ्याचा आवाज! नेमाण्णा तिथंच खाली बसले आणि बराच वेळ ऐकत राहिले.

"दत्ता, तू मानूस न्हाईस रं. तू भगीरथ हायस."

पाण्याची उष्णता मोजायला ते तापाचं थर्मामीटर वापरायचे. पाण्यात बुडवायचे आणि चष्म्यातून न्याहाळायचे. त्यात पस्तीसच्या खालचं काही दिसतच नाही. पण दिवसातून तीनदा समाधानानं जाहीर करायचे, "ताप न्हाई." शेवटी मीच मिरजेहून पाण्याचं थर्मामीटर आणलं, त्याच दुकानातून.

सहा माशांना नावं ठेवली घाटांची. पसरणी, खंबाटकी, कुंभार्ली, आंबेनळी, आंबा आणि फोंडा. मला सगळे सारखेच दिसायचे. नेमाण्णा मात्र लांबून सांगायचे, "कुंभार्ली आज रुसलाय."

गाव हसत होतं, हे सांगायला नकोच. समोरच्या शेवंताकाकी म्हणजे आमच्या गल्लीचा भोंगा. त्यांनी पहिल्याच दिवशी दारातून हाळी दिली, "नेमाण्णा, कवा सांगताय मसाला वाटायला?" आणि नंतर गंभीर होऊन म्हणाल्या, "आमी घागरीघागरीनं पाणी मोजतोय, आन तुमच्या माशांना वाहतं पाणी! शोभतंय का?"

नेमाण्णांनी त्यांना हाताला धरून आत आणलं. "शेवंता, हे बघ. त्येच पाणी फिरतंय. वरनं जातंय, खालनं येतंय. रोज तांब्याभर उडून जातंय तेवढंच घालतोय, ते बी माझ्या अंघोळीतलं वाचवून."

काकी टाकीपुढं वाकल्या. बघितलं. "ह्यात काय बघायचं? हालत बी न्हाईत," म्हणाल्या आणि गेल्या. पण दुसऱ्या दिवशी पीठ मागायच्या निमित्तानं पुन्हा आल्या.

इथपर्यंत सगळं चांगलं चाललं होतं. आणि मग मासे वाळायला लागले.

पोटं खपाटीला गेली. पसरणी तर दगडावरून घरंगळायला लागला. नेमाण्णांचा जीव थाऱ्यावर नाही. मी पंप तपासला, पाइप तपासला, काही दोष नाही. शेवटी ते सांगलीला एका कॉलेजातल्या जीवशास्त्राच्या मॅडमकडं गेले, फोटो घेऊन. मॅडमनी विचारलं, टाकीची तयारी कशी केली ते सांगा. नेमाण्णांनी अभिमानानं सांगितलं. दगड राखेनं घासले, काथ्यानं घासले, तीन वेळा उकळत्या पाण्यातून काढले, कडक उन्हात वाळवले. पाणी चारपदरी फडक्यातून गाळून घातलं. अजूनही दर चार दिवसांनी दगड काढून घासतो. काचेवर डाग राहू देत नाही.

मॅडम म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही त्यांचं ताटच घासून ठेवताय. दगडावर जो हिरवा थर चढतो, तेच त्यांचं जेवण. तो चढू द्या. त्या थरात शेवाळ असतं, आणि अगदी बारीक जीवही असतात. दोन्ही लागतं त्यांना."

नेमाण्णा परत आले ते थेट टाकीपुढं जाऊन बसले. मासा शेवाळ खातो, म्हणजे शाकाहारी, म्हणजे आपल्यातलाच, असं ते सगळ्यांना सांगत फिरले होते. आणि आता हे. साठ-पासष्ट वर्षं ज्या जिवांना फडक्यानं वाचवलं, तेच ह्यांच्या तोंडी द्यायचे? न द्यावेत तर हे सहा मरतात. तीन दिवस माणूस विचार करत होता. बस्तीत नेहमीपेक्षा जास्त वेळ बसायचा. मी म्हटलं, "घाटातल्या एखाद्या ओढ्यात सोडून येऊ या की." तर म्हणाले, ते विचारलं मॅडमना. कुठल्या ओढ्यातले हे कुणाला ठावं नाही, आणि दुकानातला मासा सोडला तर त्याचा रोग तिथल्यांना लागतो. "एकाला जीवदान द्यायला जाऊन शंभरांचा जीव घेऊ काय?" ह्यांचं घर आता हेच.

चौथ्या दिवशी सकाळी मला हाक मारली. आडावरून कळशी ओढलेली. फडकं खांद्यावर तसंच.

"दत्ता, ओढ्यात पाणी कोण गाळून घालतंय?"

"कोन न्हाई."

"मग मी कोन गाळनारा?"

आणि त्यांनी कळशी टाकीत ओतली. तशीच, न गाळता. तुम्हाला ह्यात काही वाटणार नाही. पण मी ह्या माणसाला गेली चाळीस वर्षं बघतोय. ओतून झाल्यावर म्हणाले, "मी कुनाला कुनाच्या तोंडात घालनार न्हाई. मी आपलं दगडांना ऊन दावनार आन गप बसनार. पुढचं ज्येचं त्येनं बघावं." आणि स्वतःचं प्यायचं पाणी मात्र त्याच कळशीतलं, फडकं पसरून गाळलं!

आता दगड घासणं बंद झालं. निम्मे गोटे अंगणात पाण्याच्या घमेल्यात, उन्हात. हिरवे झाले की टाकीत, टाकीतले पुन्हा उन्हात. पंधरा-वीस दिवसांत दगडांवर पोपटी मखमल चढली आणि मासे तिच्यावर असे तुटून पडले की बांधावर गुरं सोडावीत. पसरणीचं पोट गोल झालं. फोंडा आणि आंबा दगडासाठी भांडायला लागले, एकमेकांच्या अंगावर चढून बसायचे. नेमाण्णा पंचासारखे बघत बसायचे. संध्याकाळी चारच्या सुमाराला गल्लीतली चार माणसं टाकीपुढं असायचीच. शेवंताकाकी सगळ्यांत पुढं. घरी बसायला न येणारी माणसं यायला लागली होती.

एकच गोष्ट नेमाण्णा मला सारखी सांगायचे. "दत्ता, लाईट गेली तर? बॅटरीचं काय तरी कर."

"करतो की. आनि लाईट जातीय कुठं आता एवढी?" मी म्हणायचो. आज करू, उद्या करू. दुकानात इन्व्हर्टर होता तो मीच उघडून ठेवला होता, आणि गिऱ्हाइकांच्या मोटारींखाली तो कुठं गेला मलाही माहीत नव्हतं. हा माझा आळस. ह्यात दुसऱ्या कुणाचा दोष नाही.

मे महिन्यात, दुपारी तीनला, वारा सुटला. धुळीचा लोट असा आला की समोरचं घर दिसेना. पेठेच्या तोंडावरचा खांब बाभळीच्या झाडासकट आडवा झाला. लाईट गेली. वायरमन म्हणाला, आता अंधार पडेपर्यंत आशा धरू नका.

मी धावत नेमाण्णांच्या घरात गेलो. ओढा थांबला होता. पाणी आरशासारखं सपाट. आणि दगडांवरचे सहाही मासे काचेवर चढून, अगदी पाण्याच्या वरच्या कडेला येऊन चिकटले होते. गलफडं भरभर उडत होती.

नेमाण्णांनी एकदा माझ्याकडं बघितलं. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मला माझीच लाज वाटली. मी पळत जाऊन शेजारच्या बागायतदाराचा बॅटरीवरचा फवारणी पंप उचलून आणला. दारातच नेमाण्णा आडवे झाले.

"तो भाईर! त्यात बागेचं औषध असतंय. एक थेंब पडला तर सहाच्या सहा जातील!"

आणि त्यांनी फळीवरचा स्टीलचा तांब्या उचलला. टाकीच्या ह्या टोकाला बुडवायचा, त्या टोकाला हात उंच करून वरून धार सोडायची. पाण्यात हवा मिसळली पाहिजे. एक तांब्या, दोन तांबे, दहा, पन्नास. सत्तरीला टेकलेला माणूस. मी म्हटलं मला द्या. म्हणाले, "तू दुसरा घे. तांब्याचा नको, स्टीलचा घे. तांबं बाधतंय त्येंना."

अर्ध्या तासात आम्हा दोघांच्या खांद्याचे तुकडे पडायला आले. तेवढ्यात दारात शेवंताकाकी. वाऱ्यानं त्यांच्या घराचा पत्रा हलला म्हणून सांगायला आल्या होत्या. आत बघितलं, काचेवरचे मासे बघितले, आणि तोंडावर हात मारला.

"अगं बया! ह्येंचा जीव गुदमरतोय की!"

पदर खोचला आणि रस्त्यावर जाऊन अशी हाळी दिली की पेठेपर्यंत गेली. पाच मिनिटांत घर भरलं. गवंडी आला, शाळेतले गुरुजी आले, पुतण्या दुकान उघडं टाकून आला. प्रत्येकाच्या हातात स्टीलचं काहीतरी. नेमाण्णांनी पाळ्या लावल्या. दोघं उपसणारे, दोघं ओतणारे, एक पंख्यानं वारा घालणारा. हाताला साबण लावलेला नको, तंबाखूचा हात नको. गवंड्यानं निमूट बाहेर जाऊन हात धुतले. आणि हो, आमच्या गावाला पाणी ओतायला शिकवावं लागत नाही. चार तास झाले, पण जमिनीवर पाणी सांडलं असेल ते ओंजळभर.

पाळ्या बदलत होत्या, नेमाण्णा मात्र बदलत नव्हते. साडेसहाला पुतण्या म्हणाला, "काका, सूर्य बुडायला आला. दोन घास खाऊन घ्या, मी बघतो." सूर्य बुडाला की ते अन्न घेत नाहीत, पाणीसुद्धा घेत नाहीत. त्यांनी मान हलवली आणि धार सोडत राहिले. खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलं, पिवळं झालं आणि गेलं.

तिन्हीसांजेला दिवा लागला. पंपानं एक उचकी दिली, दोन बुडबुडे सोडले आणि पाणी पळायला लागलं. घरात एकच गलका झाला. गवंडी ओरडला, "जोतिबाच्या नावानं..." आणि जैनाच्या घरात सगळ्यांनी आढं हलेल असं "चांगभलं!" केलं. नेमाण्णांचाही आवाज त्यात होता, मी ऐकला.

मासे एकेक करत खाली उतरले, गोट्यांवर जाऊन बसले. नेमाण्णा मोजायला लागले. पसरणी. कुंभार्ली. आंबा, फोंडा. आंबेनळी. पाच.

"खंबाटकी कुठाय?"

दगड उचलले, स्पंज काढला, जाळी बघितली, जमिनीवर टाकीखाली हात घातला. खंबाटकी नाही. नेमाण्णांचा चेहरा मला बघवेना. तेवढ्यात कोपऱ्यातून शेवंताकाकींची किंकाळी आली.

"आवं, ह्यो हितं हाय! माझ्या तांब्यात! मला सोडंना की ह्यो!"

कुठल्यातरी खेपेत वर आलेला खंबाटकी तांब्याच्या बुडाला आतून पक्का चिकटला होता. किती वेळा बुडाला आणि किती वेळा ओतला गेला, देव जाणे. पठ्ठ्यानं पकड सोडली नव्हती. काकींनी तांब्या टाकीत आडवा धरला. खंबाटकी दोन मिनिटं तिथंच बसला, मग सावकाश सरकत आपल्या दगडावर गेला. "ह्येला माझा तांब्या आवडलाय. राहू द्या हितंच," काकी म्हणाल्या, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

माणसं आपापल्या घरी गेली. मी थांबलो. नेमाण्णा टाकीपुढं जमिनीवर बसले होते. ओठ कोरडे पडलेले, बोटं पाण्यानं सुरकुतलेली. चार तास पाण्यात हात आणि तोंडात थेंब नाही. आता सकाळपर्यंत घेणारही नव्हते. मी म्हटलं, "अण्णा, माझं चुकलं. मी बॅटरी लावायला पायजे हुती."

"असू दे रं."

मग टाकीकडं बघतच म्हणाले, "पद्माला दवाखान्यात आत ठेवलं हुतं तवा मी काचेच्या हिकडं हुतो. कोरोनात कुनालाच आत सोडत न्हवतं. ती अशीच करत हुती, श्वासासाठी. डॉक्टरांनी लय केलं, नर्स पोरींनी लय केलं. मला मातर काय करता आलं न्हाई. दोन दिवस निस्ता काचेवर हात ठेवून उभा." त्यांनी टाकीच्या काचेवर हात ठेवला. "मिरजेत त्या दुकानात ह्येंना बघितलं आन माझा पायच उचलंना. आज करता आलं, दत्ता. माझ्या हातानं करता आलं. सहाच्या सहा हायती."

मी त्यांच्याशेजारी नुसता बसून राहिलो.

सकाळी उजाडायच्या आत मी बॅटरी आणि इन्व्हर्टर हातगाडीवर घालून त्यांच्या दारात. तारा जोडल्या, मेन बटण बंद करून बघितलं. पाणी पळतच राहिलं. नेमाण्णा उंबऱ्यात बसून पूर्वेकडं बघत होते. ऊन वर आलं, अंगण ओलांडून त्यांच्या पायांवर आलं, तेव्हा मी त्यांच्या डोळ्यांसमोर फडक्यातून पाणी गाळून भरलेला तांब्या त्यांच्या हातात दिला. त्यांनी डोळे मिटून तो एका दमात संपवला आणि रिकामा माझ्यापुढं धरला.

"अजून एक आण," म्हणाले.